फक्त जाणं

या, असे पुढे सरका. दारात उभं राहून ऐकण्याजोगी ही गोष्ट नाही, आणि माझा आवाजही काही मोठ्या सभागृहाचा नाही. बसा, पाय मोकळे करा, पाणी हवं असेल तर आत्ताच पिऊन घ्या. जन्मभर दुसऱ्याच्या मागे उभी राहून गायलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. ती एकदाच, फक्त एकदाच, आधी बोलली. देवाच्या मनात असेल तर मी सरळ सांगेन, माझ्या मनात असेल तर चार फाटे फुटतील, त्याला तुमचाही इलाज नाही आणि माझाही. एवढंच मागणं आहे की मधूनमधून ‘हूं’ म्हणत चला. मला त्याची सवय झालेली आहे.

माझं दुकान बॅगा दुरुस्तीचं. चाकं, चेनी, हँडलं, फाटलेली अस्तरं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे काउंटर, मागे भिंतभर टांगलेल्या बॅगा, आणि खिडकीपाशी माझं मशीन. मी स्वतः कधी विमानात बसलेली नाही; पण हँडलांना चिकटलेल्या त्या लांब कागदी पट्ट्या मीच खरवडून काढते, त्यामुळे निम्म्या जगाची विमानतळं माझ्या नखांखालून गेलेली आहेत. त्या दुपारी मी सासूबाईंची बॅग शिवत होते. त्या निघाल्या होत्या फार लांब, आग्नेय आशियातल्या एका मोठ्या, नदीवरच्या शहरात, आणि तिकीट होतं सगळ्यांत स्वस्तातलं. त्यात मोठी बॅग नाही, जेवण नाही, पांघरूण नाही, खिडकी मागायची सोय नाही. एक लहान बॅग स्वतःजवळ ठेवायची, तिचं माप ठरलेलं, आणि तेवढ्यात एका माणसाचं सगळं बसवायचं. माप पुन्हा एकदा बघावं म्हणून नवऱ्यानं मोबाइलवर पाठवलेलं तिकीट मी उघडलं. पहिलं विमान. मग मधल्या एका विमानतळावर मुक्कामच म्हणावा इतका वेळ बसून राहणं. मग दुसरं विमान, मग तिसरं, लहानसं, आणि मग ते शहर. माप सापडलं. हात लागलाच आहे तर परतीची तारीखही बघून ठेवू म्हणून मी बोट आणखी सरकवलं, तर तिकीट संपलेलं होतं. मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. तळाला कंपनीनं शुभ प्रवास म्हटलं होतं आणि त्याखाली कोरी पांढरी जागा होती. सुई माझ्या हातात होती, दोऱ्याचं टोक ओठांत, आणि मला एकदम शेजारच्या चावीवाल्याच्या कानशीचा आवाज ऐकू यायला लागला. तो रोजच असतो. त्या दिवशी तो ऐकू आला.

परतीचं नाहीच? असं मी स्वतःला विचारलं आणि दोरा ओवायच्या निमित्तानं खिडकीकडे वळले, कारण काउंटरवर एक गिऱ्हाईक उभं होतं आणि माझा चेहरा काही ठीक नसणार. त्याला कधी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतं ते हे, की मला त्या क्षणी घरातली संध्याकाळ दिसली: स्वयंपाकघरातली पिवळी बत्ती, ओट्यापाशी मी, पाठीमागे खुर्चीवर सासूबाई, आणि मी बोलते आहे. आज एकानं काय केलं माहीत आहे, बॅगेचं कुलूप फोडायला आणलं आणि किल्ली त्याच बॅगेत. ‘त्याच बॅगेत,’ मागून आवाज येतो. आणि वर मलाच म्हणतो, लवकर करा. ‘लवकर करा.’ असं माझं गेल्या कित्येक वर्षांचं बोलणं. मी सांगते आणि शेवटचे दोन शब्द मागून उचलले जातात, उशी लावावी तसे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, बाई माझी नक्कल करतेय. मग कळलं की तो त्यांचा श्वास आहे.

सासूबाईंना एक थोरली बहीण, आमच्या सगळ्यांची मावशी. मावशी देवाच्या गोष्टी गाऊन सांगायच्या. एक ओळ गायच्या, मग ती उलगडत जायच्या, हसवायच्या, मध्येच समोरच्या एखाद्याला नजरेनं टिपून त्याच्याच घरातलं भांडण सांगावं तसं देवाघरचं भांडण सांगायच्या, आणि माणसं विरघळत आली की पुन्हा ती ओळ उचलायच्या. ओळ संपते तिथे मागची बाई ती धरते, शेवटचे शब्द पुन्हा गाते, म्हणजे पुढचीला श्वास घ्यायला, पुढचं आठवायला सवड मिळते. याला झील धरणं म्हणतात. मावशींच्या मागे, अर्धं पाऊल डावीकडे, ही झील आमच्या सासूबाईंनी सगळ्या तरुणपणभर धरली. मी तेव्हा श्रोत्यांत असायची. गाऊन सांगितलेल्या देवाच्या गोष्टींचं मला वेडच आहे. त्यासाठी मी उपाशी राहिलेय, बस चुकवलीय, एकदा तर चालू परीक्षा टाकून गेलेय. सुरुवातीला मी मावशींवरून नजर हलवत नसे. एकदा मात्र बसायला जागा मिळाली नाही, मी बाजूच्या खांबाला टेकून उभी राहिले, आणि तिथून मागची बाई दिसली. ती लोकांकडे बघत नव्हती. ती मावशींच्या खांद्याकडे बघत होती. मावशींचा श्वास भरला की खांदा किंचित वर यायचा, ओळ सुटत आली की खाली यायचा, आणि त्या खाली येण्यातच मागचा सूर लागलेला असायचा. मावशी थकल्या की तो सूर थोडा लांबायचा. मावशी एखादा शब्द विसरल्या की विसरण्याआधीच तो मागून आलेला असायचा, आणि लोकांना वाटायचं, वा, काय बांधलंय. त्या दिवशी मी अर्धी गोष्ट ऐकलीच नाही, तो खांदा आणि ते डोळे बघत राहिले. पुढे त्याच बाईच्या घरी सून म्हणून जायचा योग आला तेव्हा माझी आई म्हणाली होती, मुलगा तरी बघ नीट. मी मुलगा बघितला होता, थोडासा.

मावशी पुढे आपल्या मुलाकडे गेल्या, त्या दूरच्या शहरात. तिथे त्याचा चष्म्यांचा धंदा. मावशींचं गाणं तिथेही सुटलं नाही, शेजारपाजार जमवून त्या सांगत राहिल्या. आणि मग त्यांना झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. पाणी हवं तर ‘पाणी’ म्हणता येईना. मुलाचं नाव येईना. पण एका सकाळी तो त्यांचे केस विंचरत असताना त्या गायल्या. अख्खी ओळ, शब्दासकट. तिथल्या डॉक्टरांनी त्याला समजावलं की बोलणं आणि गाणं डोक्यात एका जागी राहत नाही. कुणीतरी रोज त्यांच्याबरोबर गायला हवं, त्या दोरीला धरून कदाचित थोडं बोलणंही वर येईल. मुलाला गाता येत नाही. त्याची बायको तिथलीच, गोड स्वभावाची, पण तिला ही भाषा नाही. म्हणून त्यानं फोन लावला आणि पडदा मावशींसमोर धरला, इकडे आम्ही सासूबाईंसमोर धरला. मावशींनी ओळ सुरू केली. सासूबाईंनी झील धरली, नेहमीसारखी, नेमकी. पण इतक्या लांबून सूर पोचायला जरा वेळ लागतो. इथे वेळेवर धरलेली झील तिथे उशिरा पोचत होती. मावशी श्वास घेऊन पुढची ओळ उचलायच्या आणि त्यावर मागचीच झील येऊन आदळायची. त्या थांबल्या. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. सासूबाईंनी मग अंदाजानं आधी धरून पाहिलं, तर तिथे मावशींच्या तोंडातून शब्द काढून घेतल्यासारखं झालं. मावशी पडद्यात डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर चापट्या मारायला लागल्या. त्यानंतर सासूबाई फोनवर गायल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तिचा खांदा दिसत नाही गं.’ आणि आठवडाभरानं, भाजी निवडताना, हळूच: तिकडे जायला काय करावं लागतं?

सांगते, या बाईनं आजवर मला कधी काही मागितलेलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी तसाच प्यायच्या. त्यामुळे तो प्रश्न ऐकून घर हललं. नवरा शहराच्या बसडेपोत वेळापत्रकं लावतो, त्याला असलं काम म्हणजे पर्वणीच. कुठल्या दिवशी तिकीट उतरतं, कुठल्या मार्गानं फेरा पडतो पण स्वस्तात होतं, मधल्या विमानतळावर पाठ टेकायला कुठे गालिचा आहे, रिकामी बाटली तपासणीतून नेऊन आत भरता येते, सगळं त्यानं शोधून काढलं. आम्ही काही श्रीमंत नाही. सरळ जाणारं विमान आमच्या हिशेबातलं नव्हतंच. सासूबाईंचे गुडघे बघता त्याला मधल्या विमानतळावर इतका वेळ बसून राहण्याची काळजी वाटत होती, तर त्या म्हणाल्या, मी रात्ररात्र उभी राहिलेली बाई आहे, मला बसायचंच तर आहे. बॅगेचं काम माझ्याकडे. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या बॅगांचे भाग माझ्याकडे ढिगानं असतात. त्यातून मी एक बॅग जुळवायला घेतली: कापड एकीचं, चेन दुसरीची, पट्टा तिसरीचा. चाकं लावली नाहीत, चाकं जागा खातात. शेजारचा चावीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, या बॅगेचे सगळे भाग जग फिरून आलेत, आजींना वाट विचारायची गरज नाही, बॅगच नेईल. सासूबाईंना झांजा न्यायच्या होत्या. त्या पितळेच्या, जड. आम्ही वजन करून पाहिलं, झांजा ठेवल्या तर विमानातल्या गारठ्यासाठीचे गरम कपडे बाहेर. त्यांनी दोन्ही हातांत एकेक झांज धरली, जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि कपाटात ठेवून दिल्या. मांडीवर ताल धरीन, म्हणाल्या, तिचं काही कुणी वजन करत नाही.

आता ते तिकीट काढलं तो प्रसंग. सुट्टीची दुपार होती, जेवणं झालेली. नवरा जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसला, सासूबाई त्याच्या मागे उभ्या, अर्धं पाऊल डावीकडे. मी भांडी पुसत होते. नवऱ्याच्या डेपोत एक रीत आहे: वेळापत्रक कायम करायच्या आधी एक जण वेळ मोठ्यानं वाचतो आणि दुसरा शेवटचा शब्द पुन्हा म्हणतो. म्हटला की झालं, शिक्का. वर्षानुवर्षं हेच करून त्याच्या हाताला वळण पडलंय. मागून शब्द आला की बोट दाबतंच. आणि इकडे त्याची आई अशी, की समोरच्यानं बोललेलं हवेत लोंबकळत सोडायचं तिच्या जिवावर येतं. भाजीवाला म्हणाला, ताई, यापेक्षा कमी नाही, तर या म्हणणार ‘कमी नाही,’ आणि तो पिशवीत भरून मोकळा. म्हणून बाजाराला आम्ही त्यांना एकटं पाठवत नाही. तर नवरा वाचत होता: प्रवासी एक. ‘एक.’ बॅग फक्त जवळची. ‘जवळची.’ आता हे विचारतंय, जाणं-येणं, की फक्त जाणं? ‘फक्त जाणं.’ टिक. मी तिथेच होते. मी ऐकलं होतं. ताट पुसता पुसता मला तो ताल छान वाटला होता, बस्स. आणि हे तिकीट रद्द करून पैसे परत न मिळणारं, स्वस्त तिकिटं तशीच असतात.

पण दुकानात, हातात मोबाइल धरून, मला हे सगळं चूक म्हणून दिसलंच नाही. मला वाटलं, त्यांना हेच हवं होतं. जन्मभर मागे राहून, कुणाच्या तरी शब्दांच्या आडोशानं, त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी मागून घेतलंय. बहिणीकडे जायचं आणि तिथेच राहायचं. का राहू नये? इथे काय आहे, एक वेळापत्रकवाला मुलगा आणि एक बडबडी सून. मी त्या रात्री काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओट्यापाशी उभी राहून दुकानातलं सांगत होते आणि मागून शब्द येत होते, आणि प्रत्येक शब्दाला मला वाटत होतं, हा निरोपाचा. एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मी सांगायला लागले की माझा खांदा वर येतो. आरशात नाही, ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात दिसलं, वाकडंतिकडं, आणि त्यामागे त्यांचा चेहरा, माझ्या खांद्याकडे बघणारा. मी इतकी वर्षं समजत होते की मी घरकाम करता करता बडबडते. माझ्यामागे कुणी झील धरून उभं आहे, म्हणून मला पुढचं आठवतंय, म्हणून माझ्या दुकानातल्या फुटक्या चाकांच्या गोष्टी होताहेत, हे मला त्या डब्यानं सांगितलं. मावशींच्या मागची जागा गेल्यावर त्या बाईनं काय करावं? समोर जे कुणी उभं होतं त्याला गाणारी समजून त्याच्या मागे उभी राहिली. तेवढा मान मला माझ्या आईनं दिला नाही, देवानं दिला नाही म्हणवत नाही, देवानं या वाटेनं दिला.

शेवटी सासूबाई स्वतःच दुकानात आल्या, बॅग खांद्याला लावून बघायला. पट्टा लांब होत होता. मी त्यांच्या मागे उभी राहून बक्कल सरकवत होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून विचारता आलं.

‘आई, तुम्ही परत येणार नाही का?’

‘येणार नाही का,’ त्या म्हणाल्या, आणि मग वळल्या. ‘म्हणजे?’

मी मोबाइल दाखवला. त्यांना ते वाचता येईना, चष्मा घरी. मी सांगितलं की त्यानं विचारलं आणि तुम्ही म्हणालात फक्त जाणं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या, असं हसणं की बॅग खांद्यावरून घसरली. मी काय म्हणाले ते मला कुठे माहीत असतं गं, म्हणाल्या, तो म्हणाला ते मी धरलं. मीही हसले. डोळे पुसले. मग हसणं ओसरलं. त्यांनी बॅगेची चेन उघडली, लावली, उघडली. त्या विचार करत होत्या, आणि चूक होती ती चुकीसारखी राहिली नव्हती. एखादा शब्द सहज तोंडातून जातो आणि मग तो खरा असता तर, असं वाटायला लागतं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नवऱ्याला सांगितलं तर खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा चेहरा उतरला. मी आजवर एक बस अशी सोडली नाही की जी परत येत नाही, म्हणाला, आणि सोडली ती आईला बसवून. मग त्यानं मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, पाहुणा म्हणून येणाऱ्याला परतीचं तिकीट हातात नसेल तर विमानातच चढू देत नाहीत. परवानगी मिळते ती ठरावीक मुदतीची, त्या मुदतीतली कुठलीही तारीख चालेल, पण तारीख हवी. म्हणजे पुन्हा टेबल, पुन्हा कॉम्प्युटर, पुन्हा तो पुढे आणि त्या मागे, अर्धं पाऊल डावीकडे. दुपारच होती. या वेळी मी भांडी बाजूला ठेवली.

‘आई, परत कधी यायचं?’ त्यानं विचारलं.

यातले शब्द नुसते पुन्हा म्हणून भागणार नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, खांद्याकडे. ऐका, इथेच खरी गोष्ट आहे. मला कळलं की त्या वाट बघताहेत. मी जे म्हणेन ते त्या धरणार, आणि मागून शब्द आला की याचं बोट दाबणार, आणि मग ती तारीख देवाचीही नाही आणि त्यांचीही नाही, माझी. माझ्या तोंडात शब्द तयार होते. पंधरा दिवस पुरे की. लवकर या. या दोन शब्दांवर माझी सगळी संध्याकाळ उभी होती, पिवळी बत्ती, ओटा, डबा. ‘लवकर या,’ मी म्हणाले असते आणि ‘लवकर या’ असं त्याच म्हणाल्या असत्या, स्वतःलाच, हसत, काही न मागता, आणि तिकडे मावशी तोंडावर हात मारत बसल्या असत्या. मी बडबडी बाई. मला गप्प राहायला कुणी शिकवलेलं नाही. मी श्वास घेतला तर खांदा वर येईल आणि त्या तो धरतील, म्हणून मी श्वाससुद्धा घेतला नाही. टेबलाची कड धरली. नवऱ्यानं वळून बघितलं, मी मानेनंच त्याला थांबवलं. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज येऊन संपला. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून निघाली, टेबलावर आली, स्वतःच्या हातांवर आली. मग मी पाहिलं, त्यांचा खांदा वर आला. इतक्या वर्षांत मी तो कधी वर येताना पाहिला नव्हता.

‘शेवटचा दिवस,’ त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, कधीच न उघडलेल्या चेनीसारखा. मग घसा साफ करून, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता: ‘परवानगी आहे तोवर. माझी बहीण गायची थांबायच्या आधी मी थांबणार नाही, आणि मला थांबवायचंच तर शेवटच्या दिवशी थांबवा.’

नवऱ्याचं बोट वर राहिलं होतं. मागून शब्द आल्याशिवाय ते खाली जात नाही. तेव्हा मी धरला. अर्धं पाऊल मागे झाले आणि जमेल तेवढं नीट म्हणाले, ‘शेवटचा दिवस.’ टिक.

त्या गेल्या. विमानतळाच्या काचेपलीकडे माझ्या हातची बॅग शेवटपर्यंत दिसत होती, एका खांद्यावर, पट्टा बरोबर बसलेला. तपासणीच्या पट्ट्यावर ती आत गेली आणि पलीकडे निघाली तेव्हा त्यांनी ती उचलली आणि मागे वळल्या नाहीत. नवरा म्हणाला, हातसुद्धा केला नाही. मी म्हणाले, झील धरणारी बाई लोकांकडे बघत नसते. मधल्या विमानतळावर त्या गालिच्यावर झोपल्या, शेजारच्या कुणा बाईच्या तान्ह्या पोराला मांडीवर ताल धरून झोपवलं, आणि उतरल्या त्या ताज्यातवान्या उतरल्या, असं मावसभाऊ सांगत होता. परवा त्यानं फोन लावला आणि टेबलावर नुसता ठेवून दिला, पडदा छताकडे. छत दिसत होतं आणि एक फिरता पंखा. मग मावशींचा आवाज आला, बारीक, पण जागच्या जागी. ओळ संपली, आणि ती संपण्यातच झील लागलेली होती. मावशी थांबल्या नाहीत. पुढची ओळ आली. त्यामागून झील. बराच वेळ. मग गाणं थांबलं, आणि मावशी बोलल्या. गायल्या नाहीत, बोलल्या. ‘धाकटे,’ म्हणाल्या. लहानपणापासून त्या बहिणीला हीच हाक मारतात. मी इकडे ओट्यापाशी उभी. ओठ हलत होते माझे, पण आवाज काढला नाही; माझा सूर तिथे उशिरा पोचला असता.

शेवटचा दिवस अजून यायचा आहे. तोवर संध्याकाळी मी दुकानातलं सांगायला लागते आणि वाक्य अर्धं झालं की थांबते, मागे कुणी उचलत नाही म्हणून. नवरा म्हणतो ‘हं’, पण त्याचं हं वेळापत्रकातलं. म्हणून तुम्हाला असं जवळ बोलावलं. तुम्ही मन लावून ऐकलंत, देव तुमचं भलं करो. आता जाताना एकच करा. कुठेही कुणी गात असेल, सांगत असेल, आणि तुम्हाला ते फार आवडलं, तर त्याच्या मागे, अर्धं पाऊल डावीकडे, एकदा बघा. तिथे जी कुणी उभी असेल तिच्याकडे बघून आमच्या सासूबाईंची आठवण काढा.